हंगामी साहेबांची पेज

आई,

काल संध्याकाळी एक माणूस माझ्या ऑफिसात येऊन बसला. ऑफिस म्हणजे चाकणला वर्कशॉपच्या माळ्यावर काढलेली काचेची खोली, तू ती पाहिली नाहीस. कपडे पांढरेधोप, बोलणं तुपात घोळलेलं. वर्कशॉपच्या मागच्या जागेवरून शेजारच्या कारखानदाराशी माझा दावा चाललाय, त्याची त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती. म्हणाला, "शेठ, जज्ज हंगामी आहेत. अजून कायम व्हायचेत. अशा माणसाला वरून एक शब्द पुरतो. तुमच्यासाठी टाकू का?" मी हसलो, त्याला चहा पाजला, पोराबाळांची चौकशी केली आणि सोमवारी या म्हटलं. ती जागा गेली तर निम्मं वर्कशॉप जातं, आणि त्या निम्म्यावर पोट असलेली माणसंही जातात. रात्री पाठ टेकली, पण डोळा लागेना. मला सारखी आठवत होती ती तुझी पेज.

तालुक्याच्या गावी, कोर्टाच्या उताराला आपली खानावळ होती. पुढं एक खोली, मागं तू स्वतः मेढी रोवून उभी केलेली पत्र्याची पडवी, आणि चूल त्या पडवीत. वकिलांचे कारकून, तारखेला आलेले पक्षकार, नाशिक रस्त्यावरचे एस.टी.चे ड्रायव्हर, सगळे तुझ्या हातची भाकरी खाऊन जायचे. मी तेव्हा चाकणला ट्रकच्या गॅरेजात होतो, रोज एस.टी.नं येऊन-जाऊन. त्या सुमारास कोर्टात नवे जज्ज आले. कोकणातले, अंगानं बारीक, बायकामुलं गावी ठेवून एकटेच आलेले. नेमणूक हंगामी. काही महिन्यांची मुदत, वाढली तर राहायचं, नाहीतर पेटी उचलायची. तू त्यांना तोंडावरच विचारलंस, "हंगामी म्हंजी वं काय साहेब? हुरड्यावानी?" आणि तो गंभीर माणूस ठसका लागेस्तोवर हसला. बाजरी त्यांना सोसत नव्हती. मग तू त्यांनाच विचारून विचारून तांदळाची पेज शिकलीस. पहिल्यांदा करपवलीस, दुसऱ्यांदा खळ केलीस, पण पुढं अशी जमली की ते म्हणायचे, बाई, घरी गेल्यासारखं वाटतं.

आणि मग आपल्या मालकानं जागा खाली करून मागितली. पिंपरीकडं कारखाने उभे राहायला लागले होते, उद्या हा रस्ताही रुंद होणार, हे त्यानं हेरलं होतं. तू हलेनास, त्यानं दावा ठोकला. तो दावा लागला नेमका हंगामी साहेबांपुढं. तू खुशीत होतीस. मला म्हणालीस, "आपलं मीठ खाल्लेला मानूस हाय, घाबरतुस कशाला." त्याच संध्याकाळी ते आले. दारात उभे आहेत, चपला काढत नाहीत. तू ताट मांडतेस आणि ते म्हणतात, "बाई, आजपासून माझं ताट नको. तुमचा दावा माझ्या बोर्डावर आलाय."

"मग जेवनार कुठं?"

"बघू."

"बघू म्हंजी? दाव्याचं दाव्यापाशी. पोट काय कोर्टात जातंय व्हय?"

"माझं जातं, बाई," ते म्हणाले आणि उतार चढून गेले. तू मांडलेलं ताट उचललं नाहीस. बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलीस, जणू कुणी उष्टं टाकून गेलं होतं.

पहिल्या तारखेला त्यांनी भर कोर्टात सांगितलं की या बाईंच्या खानावळीत मी पैसे देऊन जेवत होतो, आता बंद केलं आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच लेखी द्यावी. मालकाचा वकील उठला, हरकत नाही म्हणाला, आणि बसताना हसला. ते हसणं मला आवडलं नाही. हरकत घ्यायचा माणूस हसत नाही. राखून ठेवायचा माणूस हसतो.

कशासाठी राखून ठेवलंय ते मला गॅरेजातच कळलं. मालकाचा ट्रक दुरुस्तीला आला होता. मी खाली उताणा, आणि त्याचे दिवाणजी ड्रायव्हरशी गप्पा मारत चाकाला टेकून उभे. माझे कान मांजराचे, असं तूच म्हणायचीस. दिवाणजी म्हणत होते, "साहेबाची मुदत संपत आली. ती वाढू नये म्हणून मालक मुंबईपर्यंत माणसं लावून बसलेत. आता फक्त त्या बाईचा डबा एकदा साहेबाच्या दारात दिसू दे. समोरचा पानवाला आपलाच हाय." ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्याशा डब्यानं?" दिवाणजी म्हणाले, "अरे, हंगामी माणूस म्हणजे पाया न भरलेली भिंत. बोट लावलं तरी पुरं." ते गेले तसा मी हातातला पाना टाकून मिळाली ती एस.टी. धरली.

घरी येतो तर तू डब्यात पेज भरतेस. साहेब तापानं फणफणलेत, कोर्टाच्या शिपायानं सांगितलं होतं. इतके दिवस केळी आणि शेंगदाणे यांच्यावर काढले होते म्हणे. मी दारात आडवा उभा राहिलो. ऐकलेलं सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तापल्या मानसाला पेज द्यायला बी मालकाला इचारायचं का रं मुडद्या? बाजूला हो." मी हललो नाही. "तू डबा नेलास तर त्यांची नोकरी जाईल आणि आपली खोलीही जाईल," मी म्हणालो. तू डबा खाली ठेवलास, झाकण लावलंस आणि चुलीकडं तोंड करून बसलीस. ती पेज कुणीच खाल्ली नाही. अजूनही कुणाच्या घरी पेज उतू गेल्याचा वास आला की मी उठून बाहेर येतो.

ते बरे झाले आणि निकाल दिला. तुला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी तो सावकाश, मराठीत समजावून सांगितला. खोली तुझ्याकडं राहील. पडवी मालकाला न विचारता उभी केली, ती काढावी लागेल. मालक तणतणला. तू त्याच्यापेक्षा जास्त. चूलच पडवीत होती तुझी. घरी येईस्तोवर पुटपुटत होतीस, "माझं मीठ खाऊन माझीच चूल मोडली."

त्यांची मुदत वाढली नाही. वर कोण काय बोललं मला ठाऊक नाही, पण नव्या माणसाला चार्ज देऊन ते पेटी घेऊन थेट आपल्याकडं आले, या खेपेला चपला काढून. "बाई, आता माझ्या बोर्डावर काही नाही. वाढा." तू वाढलंस. त्यांचा पहिला घास तोंडाशी गेला आणि तू विचारलंस, "माझी पडवी का न्हेली?"

"ती तुमची नव्हती, बाई."

"आन् खोली?"

"ती होती."

 तू आत गेलीस आणि पेजेचं पातेलं घेऊन आलीस. त्यांच्यासाठी सकाळपासूनच करून ठेवली होतीस, मला पत्ता लागू न देता.

आई, हे पत्र तुला कुठं पाठवणार. तू असतीस तरी पाठवलं नसतं. कुणा गिऱ्हाइकाकडून वाचून घेतलं असतंस, आणि यातलं शेवटचं दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकू नयेस. त्या दिवशी मी दारात आडवा राहिलो तो पानवाल्याला भिऊन. तो नसता तर डबा घेऊन मीच उतार चढलो असतो, आणि वाटेत मनाशी म्हटलं असतं, पेज पोटात गेली की खोलीचं बघताना आपली जरा आठवण राहील. तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, तुला फक्त त्यांचा ताप दिसत होता. कालच्या माणसाला मी चहा पाजला तो माझ्या त्याच मनानं.

उद्या सोमवार. तो आला तर चहा आणायचा नाही, एवढं ऑफिसात सांगून ठेवलंय. त्याला काय सांगायचं ते अजून तोंडात आलेलं नाही.