सिंहासनावरचा ओला डाग

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढा मजकूर हाताने पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा आधी अक्षराला हसून घे आणि मग पुढचं वाच.

तू चिडली आहेस हे कळलं. पण ताई, माझी मालिकाच तशी आहे. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेले सिनेमे इंटरनेटवर पुन्हा दाखवायचे आणि त्यांची टर उडवायची. दहा भाग झाले, आणि तू ज्यात राजकन्या झाली होतीस तो सिनेमा घ्या म्हणून प्रेक्षक माझ्या मागेच लागले होते. राज्याभिषेकाच्या वेळी राजकन्येचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा का झाला, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चार पाहुणे जमले की बाबा ते रंगवून सांगतात आणि तूही हसतेस. तेच मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की राजकन्येने सिंहासनच ओलं केलं होतं. सहा लाख लोकांनी पाहिलं! ती राजकन्या आता शाळेत गणित शिकवते, हे बोलायला नको होतं. तेवढी जीभ घसरली. तुझं नाव मात्र कुठेही घेतलेलं नाही.

राग गिळून एक ओळ तरी पाठव. लोभ आटला असेल तर तळाशी असेल तेवढा चालेल.

तुझा,
ढब्बू


८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, त्यात सुधारणा नाही.

नाव घेतलं नाहीस म्हणतोस. आमच्या शाळेत गणिताच्या बाई दोनच, आणि दुसरी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मुलांना एवढी वजाबाकी येते, मीच शिकवली आहे. मंगळवारी नववीच्या वर्गात गेले तर माझ्या खुर्चीवर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, चारही कोपरे दोऱ्याने नीट बांधलेले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मी प्लॅस्टिक सोडलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच तास घेतला.  मुख्याध्यापिकांनी यात खरं किती म्हणून विचारलं, तेव्हा मी उत्तराऐवजी रजेचा अर्ज पुढे केला.

पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. परत त्या वर्गात जायला पाय उचलेल असं वाटत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

तो भाग काढू नकोस, काढलास की लोक आणखी शोधतील. बाबांना काही कळवू नकोस. लोभ आहे, सध्या दिसत नाही इतकंच.

ताई


१२ मार्च

चि. ढब्बूस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कार्यक्रम शेजारच्या मुलीने दाखवला. आधी मीही हसले, खोटं कशाला बोलू? मग ते सिंहासन आलं आणि माझं हसू पळालं. तुझ्या ताईने मला शपथ घातली होती. तीस वर्षं पाळली, आज मोडते.

त्या सिनेमाचे कपडे मी शिवत होते. तुझी आई कारखान्यात पाळीला जायची, म्हणून ताईबरोबर तुलाही मी चित्रीकरणाला न्यायची. जेवणाच्या सुट्टीत तू सिंहासनावर चढून झोपलास आणि लाल मखमल भिजवलीस. दिग्दर्शक आधीच तुझ्यावर कावलेला. पुन्हा खोडी केली तर या पोराला फाटकाबाहेर काढीन, अशी त्याची ताकीद होती. तो ओरडत आला तशी ताईने तुला खाली ओढलं, स्वतः तिथे बसली आणि आपल्याकडूनच झालं म्हणून सांगितलं. त्याने सगळ्यांदेखत दहा वर्षांच्या पोरीची शोभा केली आणि तिला त्याच ओल्या गादीवर बसवून प्रसंग घेतला. तू ज्याची टिंगल केलीस तो चेहरा तेव्हाचा. पुढच्या सिनेमासाठी मी तिची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. तो सिनेमा दुसऱ्या मुलीला मिळाला. तुझी चड्डी मीच धुतली आणि इस्त्री फिरवून वाळवली, म्हणून हे एवढं नक्की सांगते.

पाच वर्षांचं पोर तू, तुला काय आठवणार! तेव्हा जिवाला लावून घेऊ नकोस, पण तिची माफी माग. तुला सगळं कळवल्याचं तिलाही लिहिते आहे. म्हातारीवर माया असू दे.

मावशी


१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

विनंती करण्याजोगा मी राहिलो नाही, म्हणून पुढचं गाळलं.

मावशीचं पत्र आलं. तिने माझ्यासाठी पळवाट करून ठेवली आहे, की पाच वर्षांच्या पोराला काय आठवणार. दोन दिवस त्या पळवाटेच्या तोंडाशी उभा होतो. हे ऐकून मला केवढा धक्का बसला, असं तुला लिहायलाही घेतलं होतं. छान जमत होतं.

ताई, मला आठवतं. सगळं आठवतं. मांड्यांना चिकटलेली चड्डी, तिच्यावर फिरणाऱ्या इस्त्रीचा वास, तुझ्या दंडावर रुतलेली त्या माणसाची बोटं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान फिरवली. पुढे बाबा ती गोष्ट सांगू लागले तेव्हा आधी भीतीने गप्प बसलो. मग सगळ्यांबरोबर हसायला शिकलो. नंतर तर मीच पाहुण्यांसमोर बाबांना ती गोष्ट सांगायला लावायचो. हसणारे तुझ्याकडे बघायचे, माझ्याकडे नाही, याचं बरं वाटायचं. त्या भागाच्या वेळीही तसंच बरं वाटलं होतं. आता इतकी लाज वाटते की आरशात न बघताच दाढी करतो, हनुवटी दोनदा कापली.

खरी हकिकत सांगणारा नवा भाग करतो. तू म्हणशील ते करतो. पण त्या कागदावर तारीख घालू नकोस. लोभ असावा, हे लिहायला हात धजत नाही.

ढब्बू


२० मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

मावशीचं कळल्यापासून मी तुझ्या पत्राची वाट पाहत होते. तू मान फिरवलीस, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. आता आठवत नाही म्हणून लिहिलं असतंस तर मी बरं म्हटलं असतं, आणि तुला पुन्हा कधी पत्र घातलं नसतं.

राग गेलेला नाही. लवकर जाईल असंही वाटत नाही. तुला फाटकाबाहेर काढू नये म्हणून मी एकदा खोटं बोलले. ते जन्मभर हसून निभावावं लागेल हे दहाव्या वर्षी कुणाला कळतं?

नवा भाग नको. तिथे तू ढसाढसा रडलास तरी लोकांना तोही कार्यक्रमच वाटेल. माझी रजा रविवारी संपते. सोमवारी पहिला तास नववीचा आहे, मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली आहे. मी खुर्चीत बसेन. तू फळ्यापाशी उभा राहा आणि बत्तीस मुलांना सांग. कॅमेरा आणू नकोस.

ती मुलं तुला ओळखतात. तू तोंड उघडलंस की आधी हसतील. त्यांना हसू दे. तू हसू नकोस.

लोभाचं सोमवारनंतर बघू.

ताई