दारापासून तेवीस पावलं

दि. ३ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. ती आधी दुरुस्त करते, खुशाली नंतर. तू कॉफीचं दुकान काढायला जी रिकामी जागा घेणार आहेस, तिच्यासमोरून सकाळी आठ ते दहा या वेळात रोज चारशेच्या वर माणसं जातात, असं मी लिहिलं होतं. जातात एकशे तीस.

मोजणी चुकली नव्हती. शेजारच्या किल्लीवाल्याच्या पायरीवर बसून मी सहा दिवस पाच-पाचच्या खुणा केल्या, त्या अजून माझ्या वहीत आहेत. पण त्या आठवड्यात समोरचा फुटपाथ खोदकामासाठी पत्रे लावून बंद केला होता. पत्रे मला दिसत होते. त्यांच्यामुळे सगळे लोक नाइलाजाने आपल्या बाजूने चालताहेत, एवढं काही डोक्यात आलं नाही. परवा सोमवारी पत्रे निघाले आणि पाट फोडावा तशी सगळी गर्दी रस्त्यापलीकडे वळली. तीन दिवस पुन्हा मोजलं. एकशे एकतीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस.

दुसरी चूक. मी लहानपणी सात वर्षं तुझ्याकडेच शिकले, तेव्हा तुझा नियम होता की पाहिलं ते शाईने लिहायचं आणि ऐकलं ते पेन्सिलने. त्या जागेतली तिन्ही कॉफीची दुकानं चौकातल्या मोठ्या कंपनीच्या कॉफी शॉपमुळे बसली, हे मी शाईने लिहिलं. ते फक्त किल्लीवाल्याने सांगितलं होतं.

तू माझ्या आकड्यावर विसंबून वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा राजीनामा दिलास. महिनाअखेर तुझी तिथली खोलीही जाणार. वीस तारखेला जागेच्या करारावर सही करायला येऊ नकोस, निदान मी नीट चौकशी करेपर्यंत तरी. छापखान्यात मी औषधांच्या डब्यांतले बारीक कागद तपासते. तिथे एक शून्य चुकू नये म्हणून चार-चार वेळा वाचते, आणि घरच्या माणसाला तिप्पट आकडा कळवून मोकळी होते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील तर सांगेन.

माझी प्रकृती बरी आहे. राग आला तर तसं लिही, गप्प राहू नकोस.

तुझी,
टिपकागद


दि. ७ मार्च

चि. टिपकागदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राग आला. इतका आला की संध्याकाळी दीडशे मुलींच्या सूपमध्ये मीठ दोनदा पडलं. तेव्हा तुझ्या पत्राची चव इथे सगळ्यांनी घेतली असं समज. दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचलं आणि वाटलं, ही पोर खोटं बोलून माझं मन राखती तर मी सही करून बसले असते. तेव्हा राग गेला. भीती मात्र राहिली आहे, ती तुझ्यामुळे नाही.

तुझ्या बाबांना मीच कळवलं. भाऊ म्हणून त्याने जे म्हणायचं तेच म्हटलं: वसतिगृहात मुलींना जेवायला यावंच लागतं, शहरात कोणावर सक्ती नाही. बावीस वर्षं माझ्या हातचं जे खाल्लं गेलं ते सक्तीचं की आवडीचं, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणून त्याचं वाक्य बोचलं, कारण खरं आहे. दुकान बसलं तर मी तुमच्या घरी पाहुणी म्हणून येईन, आणि रोज चहाबरोबर ते वाक्य मला वाढलं जाईल.

आता कामाचं. तुझे चारशे गेले म्हणून रडू नकोस. समोरून जाणारे मोजून काय करायचंय? लग्नाच्या वरातीसमोरूनही पुष्कळ लोक जातात, म्हणून काही ते जेवायला थांबत नाहीत. आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो का, ते बघ. आधीची तीन दुकानं का बसली ते त्या लोकांनाच विचार. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. गोळ्यासकट जा.

जागेच्या मालकांना मी कळवलं आहे की सही महिनाअखेर करू. ते छत्र्यांचं दुकान चालवतात, कोरड्या दिवसांत थांबायची त्यांना सवय असेल.

दोन वेळा नीट जेवत जा. छापखान्यातल्या बिस्किटांना जेवण म्हणत नाहीत.

तुझी आत्या


दि. १४ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

गोळ्यासकट गेले.

पहिल्या दोन दुकानांचे मालक शहर सोडून गेले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलचं पेन्सिलने लिहिते आहे. किल्लीवाला म्हणाला, पहिला गृहस्थ स्वतः उशिरा उठायचा आणि दुकान दहाला उघडायचा. इथली माणसं तोवर कामाला लागलेली असतात. दुसऱ्याची कॉफी अप्रतिम होती, पण एका कपाला दहा मिनिटं. किल्लीवाल्याच्या मते तेवढ्या वेळात त्याची एक अख्खी किल्ली घासून होते. लोक घड्याळ बघत उभे राहायचे आणि बस आली की कप न घेताच पळायचे. त्या कंपनीच्या दुकानाबद्दल पुन्हा विचारलं तेव्हा तो हसला. म्हणाला, शेजारधर्म म्हणून मी सगळ्यांना तेच सांगतो. बुडालेल्याला त्याचीच चूक कशाला दाखवायची?

तिसरं दुकान चालवणाऱ्या बाई आता पडद्यांच्या कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न मी दोनदा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि कापड मापता मापता एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांची कॉफी चांगली होती, दुकान सातला उघडायचं, कप तीन मिनिटांत मिळायचा. पहिले दोन महिने दुकान भरलेलं असायचं. भरलेलं होतं त्यांच्या मैत्रिणींनी, मैत्रिणींच्या नवऱ्यांनी आणि त्यांच्या नाटकमंडळींनी. त्यांना वाटलं, जम बसला. पण अनोळखी माणसाने दार ढकललं की सगळं टेबल वळून बघायचं, कोण आलं म्हणून. तो माणूस पुन्हा यायचा नाही. पुढे मैत्रिणींचाही उत्साह ओसरला, आणि मग कोणीच उरलं नाही. बाई म्हणाल्या, मी दुकान काढलंच नव्हतं गं, घरचा दिवाणखाना रस्त्यावर आणून ठेवला होता.

मग मी जागेच्या मालकांकडून किल्ली घेऊन जागा आतून पाहिली. नळ अगदी मागच्या भिंतीला आहे. नळ तिथे म्हणून तिघांनीही काउंटर तिथेच मांडला होता, आणि दारापासून काउंटरपर्यंत दोन्ही बाजूंना टेबलं. मी चालून पाहिलं. तेवीस पावलं. बसलेल्या प्रत्येक माणसाच्या नजरेखालून तेवीस पावलं जायचं, तेव्हा कुठे कॉफी मागता येते.

आता जे लिहिते आहे ते मी आधीच्या दोन्ही पत्रांत लपवलं. तुला वाटेल की हे सगळं मला आत्ता समजलं. तसं नाही. गेल्या वर्षी त्या बाईंच्या दुकानाचं दार मी स्वतः ढकललं होतं. आठ-दहा चेहरे वळले. मी माफ करा म्हटलं, जणू कोणाच्या न्हाणीघरात शिरले होते, आणि बाहेर पडले. तेव्हापासून रोज चौकातल्या त्या मोठ्या दुकानात जाते. तिथली कॉफी करपट असते, पण काउंटर दाराशीच आहे आणि तिथे मला कोणी बघत नाही. मी स्वतः त्या दुकानाची गिऱ्हाईक आहे, हे तुला सांगायला हवं होतं. माझा भित्रेपणा आहे, तो काय पुरावा म्हणून लिहायचा, असं वाटून गाळलं.

जागा घे असं मी म्हणत नाही. घेऊ नको असंही म्हणवत नाही. बाबांनी तुझे आशीर्वाद मागितले आहेत, आणि बोचलं असेल तर विसर म्हणाले आहेत.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
टिपकागद


दि. १८ मार्च

चि. टिपकागदास,
खूप आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ खोडून टाक. तुझ्या बाबाने आयुष्यात एकदाही काही विसर म्हटलेलं नाही, ते तू पदरचं घातलंस. पदरचं घालताना तरी पेन्सिल वापरायचीस.

बाकी पत्र मी तीनदा वाचलं. वेडे, दार ढकलून परत फिरणारी तू, तो तुझा भित्रेपणा नाही. ते गिऱ्हाईक आहे. एकशे तीस माणसांत तुझ्यासारखी निम्मी असतील. त्यांना कॉफी हवी असते, पण कोणाच्या घरात शिरल्यासारखं वाटायला नको असतं. ते कंपनीवाले करपट कॉफी विकूनही चालतात, ते उगाच नाही.

मी वसतिगृहात आले त्या वर्षीची गोष्ट तुला सांगितली नव्हती. नव्या मुली रात्रीच्या जेवणाला येईनात. वॉर्डन म्हणायच्या, घरची आठवण येते. मी बघितलं तर पातेली जेवणघराच्या पार टोकाला, आणि तिथवर जायचं ते वरच्या वर्गातल्या मुलींच्या रांगांमधून. मी पातेली उचलून दाराशी मांडली. आठवड्यात सगळ्या जेवायला लागल्या. घरची आठवण तेवढीच येत होती. हे मी विसरूनच गेले होते, तुझ्या तेवीस पावलांनी आठवलं. म्हणजे सगळंच काही सक्तीचं नव्हतं.

तेव्हा ठरलं असं. काउंटर दाराशी, खिडकीला लागून. टेबलं मागे, खुर्च्यांची पाठ दाराकडे. नळ पुढे आणता येतो, माणसाला मागे ओढता येत नाही. त्याला मालकांची परवानगी हवी. मी पत्राने मागितली तर ते पत्राने नाही म्हणतील. तू समोर जाऊन विचार. मालक नाही म्हणाले तर मी ही जागा घेणार नाही, आणि तुमच्याकडे पाहुणी येईन. तुझ्या बाबाला उशीतला कापूस पिंजून ठेवायला सांग, मला मऊ लागते.

आणखी एक. मी कॉफी करेन, पाव भाजेन. दाराशी उभं राहायला मला असं माणूस हवं आहे ज्याला ठाऊक आहे की आलेल्याकडे लगेच टक लावून बघायचं नसतं. सकाळी सात ते बारा. असं माणूस मी एकच ओळखते. तिचं छापखान्यातलं काम अकराला सुरू होतं, हे मला माहीत आहे. उत्तर घाईने देऊ नकोस, पण देच.

तुझी आत्या


दि. २५ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

ती ओळ खोडली. बाबा प्रत्यक्षात एवढंच म्हणाले होते की तिला सांभाळून राहा म्हणावं.

मालक पहिल्या भेटीत नाही म्हणाले. फरशी त्यांच्या वडिलांनी स्वतः बसवलेली आहे, ते ती फोडू देणार नाहीत. मी बरं म्हणून बाहेर आले आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की मी फरशीबद्दल विचारलंच नव्हतं, नळाबद्दल विचारलं होतं. मग एका प्लंबरला घेऊन परत गेले. त्याने टेपने मापून दाखवलं की पाइप भिंतीच्या कडेने, तिथे भिंतीला लागून असलेल्या बाकाच्या मागून दारापर्यंत येतो. फरशीला एक भोकही पडत नाही. काम तीन दिवसांचं. मालकांनी गुडघ्यावर बसून भिंतीची कड स्वतः तपासली, आणि उठताना म्हणाले की आधीच्या तिघांपैकी कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी होकार लिहून दिला आहे, सोबत जोडते.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. एकदा पत्रे दिसूनही दिसले नव्हते. म्हणून तुला न विचारता एक केलं. मालकांच्या परवानगीने मंगळवारी आणि बुधवारी सकाळी सात ते दहा दुकानाचं दार उघडं ठेवलं, उंबऱ्यापासून दोन पावलांवर एक टेबल मांडलं, आणि घरून दोन मोठ्या थर्मासमध्ये कॉफी नेली. कॉफी फुकट दिली नाही. फुकट प्यायला कोणीही थांबतं, त्याने काही कळलं नसतं. कपाची किंमत त्या मोठ्या दुकानातल्याइतकीच ठेवली.

पहिल्या दिवशी एकोणीस जण आले. पहिले आले ते हातात टिफिन घेतलेले एक गृहस्थ. त्यांना बघून मीच मान खाली घातली, आणि मला वाटतं त्यामुळेच ते दोन पावलं आत आले. इस्पितळातल्या एक नर्स उभ्या उभ्या प्यायल्या आणि न बोलता गेल्या. एका बाईंनी कॉफी पातळ आहे म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबर होतं, मी लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सव्वीस आले, त्यांतले चौदा आदल्या दिवशीचेच. पातळ म्हणणाऱ्या बाईही आल्या आणि अजून पातळच आहे म्हणाल्या. नर्सबाईंनी कप घेताना विचारलं की उद्या आहात का. मी नाही म्हटलं, तर त्यांचा चेहरा उतरला. हे शाईने लिहिते आहे.

आत्या, माझी कॉफी चांगली नव्हती. तरी चौदा जण परत आले. तुझी चांगली असते. याहून जास्त मला खात्रीने सांगता येणार नाही. दोन दिवस म्हणजे वर्ष नव्हे, आणि त्या दोन्ही दिवशी हवा छान होती. हे सगळं धरूनही मला वाटतं की तू शनिवारी यावंस आणि सही करावीस. बाबा स्टेशनवर येणार आहेत. उशीचं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, उशी तिला दोन-चार दिवस लागेलच.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आठ दिवस टाळलं. मला माणसांशी बोलता येत नाही, हे मी इतकी वर्षं पाहिल्यासारखं सांगत आले. दोन सकाळी मिळून पंचेचाळीस कप दिले, आणि प्रत्येकाशी थोडं तरी बोलले. छापखान्यातले मुख्य तपासनीस कडक आहेत, आणि मला त्यांची भीती वाटते. मी त्यांना सांगणार आहे की तीन मेपासून, म्हणजे तुझं दुकान उघडेल त्या दिवसापासून, मी अकराऐवजी साडेबाराला येईन आणि संध्याकाळी तेवढा वेळ जास्त थांबेन. ते नाही म्हणाले तर मी छापखाना सोडणार आहे. काय बोलायचं ते या वेळी कागदावर लिहून नेणार नाही.

थोरांना नमस्कार, मुलींना गोड निरोप, आणि तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी,
टिपकागद

ता. क. कधी सांगणार ते लिहायचं राहिलं. सोमवार, २९ मार्च, सकाळी अकरा वाजता, टेबलाशी बसायच्या आधी.