पिवळ्या रोबोची तपासणी

शनिवार, ५ जुलै

दिलं काय त्याने, तर जेसीबी! अख्ख्या बाजारात दुसरं खेळणं मिळालं नाही?

कोर्टाने ठरवून दिलेली बाप-लेकीची भेट, एक तास. जितेंद्र जळगावहून पांढराशुभ्र शर्ट घालून आला, नवरदेवच जसा. ऋतिकाच्या हातात खोका ठेवला. पिवळा रोबो. हात मुडपायचे, पाय आत ढकलायचे, डोकं दाबायचं — की झाला जेसीबी. त्याने तिला करून दाखवलं आणि मग माझ्याकडे बघून हसला.

हे हसणं मी ओळखते. गेल्या उन्हाळ्यात तो आपला खरा जेसीबी घेऊन इथे देवपूरला आला होता, माझ्या माहेरी, ज्ञानेश्वरभाऊच्या दारात. गेट उखडलं. कंपाउंड पाडलं. बकेट खिडकीला टेकवून थांबला. खिडकीत मी आणि सात वर्षांची माझी पोर! तेव्हाही असाच हसला होता.

आणि पोरगी बघा — रिक्षात रोबो छातीशी धरून बसली.

रविवार, ६ जुलै

वकीलबाईंना फोन केला. "ही सरळ धमकी आहे, नूतनताई. खेळणं नीट तपासा. कुठे लागतं, कुठे कापतं, बघा. फोटो काढा. सतरा तारखेला जज मॅडम ऋतिकाशी एकटीशी बोलणार आहेत, त्याआधी मला द्या."

तपासतेच. पोर त्याच्याकडे गेली तर मी जगून काय करू?

सोमवार, ७ जुलै

ऋतिका शाळेत गेली आणि मी कामाला लागले. आधी ओट्यावरून आपटला. काही नाही. गच्चीवरून फेकला. एक चाक निघालं, दाबलं तर परत बसलं. सगळे स्क्रू काढले. वाटलं होतं आत कॅमेरा असेल, नजर ठेवायला. काही नव्हतं. परत जोडला. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि बकेटवर घातला. फरशी फुटली, बकेट नाही! मजबूत माल आहे मेल्याचा.

प्रत्येक घावाला त्याचं नाव घेतलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

आई दारात येऊन उभी. "काय करी राहिनी व? खेळनं शे ते!"

म्हटलं, त्याने माझा जबडा मोडला तेव्हा कुठे होतीस? बिचारी आत निघून गेली. तिला बोलायला नको होतं. पण बोलले.

मंगळवार, ८ जुलै

सापडलं! रोबोचा जेसीबी करताना बकेट स्प्रिंगने खाली येते — खाट्! मध्ये बोट असलं तर सापडलंच. माझं घालून बघितलं. नुसता वळ. परत घातलं. परत वळच. मोठ्या माणसाची कातडी निबर, आणि माझी तर आठ वर्षं त्याच्याकडे राहून अजूनच निबर झालेली.

वळाचा फोटो पाठवला. वकीलबाई म्हणाल्या, यात काही दिसत नाही.

गुरुवार, १० जुलै

"मम्मी, याला कोणी मारलं?" बकेटवर चरा दिसला तिला. माहीत नाही म्हटलं. परत तेच. पोळ्या लाटत होते, गॅसवर तवा, आणि हिचं आपलं — कोणी मारलं, सांग ना, कोणी मारलं? पाठीत एक ठेवून दिली. जोरात नाही.

आई ओरडली, "कसाले मारस व पोरले? बठ्ठा राग तिनावर काढस का?"

सगळा राग पोरीवर काढते म्हणे! आईनेही आम्हाला कमी मारलं नाही. आता आजी झाली तर मायेचा पूर आलाय!

शनिवार, १२ जुलै

आज रक्त निघालं.

ऋतिका खाली बसून जेसीबी करत होती. मी समोर भाजी निवडत होते. तिचं बोट कुठे आहे ते मला दिसत होतं. "बोट काढ" एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला होता. खाट्!

किंचाळली. नखाखाली फाटलं. मी आधी फोटो काढला. तिचा हात थरथरत होता, नीट येईना, तर ओरडले — हलू नकोस! तीन काढले. मग हळद दाबली, जवळ घेतलं, मीही रडले.

वकीलबाईंचा निरोप आला — हा फोटो उत्तम आहे.

तिच्यासाठीच करतेय ना हे सगळं? मग झोप का येत नाही?

रविवार, १३ जुलै

आई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

मंगळवार, १५ जुलै

वकीलबाईंनी खेळणं मागितलं. शोधते तर नाही! कार्टीने तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. काढायला गेले तर मनगटाला कडकडून चावली. मला! जिने तिच्यासाठी हाडं मोडून घेतली तिला! रोबो उचलून भिंतीवर आपटला, परत आपटला, हात तुटला, डोकं उडालं. ती मध्ये आली. तिलाही बसले. किती, आठवत नाही.

मग समोर बसवलं. मॅडम विचारतील, कोणाची भीती वाटते? काय सांगशील? बोल! "पप्पांची." मोठ्याने! "पप्पांची." परत! रडायचं नाही, नीट सांग!

ज्ञानेश्वरभाऊ दुकानातून आला. माझा हात धरून मला बाजूला ओढलं. "नूतन, बस कर! बघ तिच्या दंडाकडे, पाचही बोटं उठलीत!"

उठली होती. लांब बाह्यांचा फ्रॉक काढून ठेवला आहे.

गुरुवार, १७ जुलै

पोर माझ्याकडेच राहणार! वकीलबाईंनी तिथेच पेढे मागितले. भाऊने घेतले, रिक्षात ऋतिकाला भरवले. मी विचारलं, काय सांगितलंस गं मॅडमना?

म्हणाली, "त्यांनी विचारलं, भीती कोणाची वाटते? मी सांगितलं, पप्पांची. मग विचारलं, राहायचं कोणाकडे? मी सांगितलं, मम्मीकडे. नाहीतर तू अजून मारशील ना."