समेटावर अपील नाही

रियाध, १४ जून २०२५

हारूनभाई,

अस्सलामु अलैकुम. अम्मीचे गुडघे कसे आहेत? ईद तिकडे छान झाली, असं भाभी सांगत होती. इथे ऊन म्हणजे नुसता जाळ. बत्ह्याच्या बाजारात जाऊन अम्मीसाठी मलम आणि तुझ्या पोरांसाठी खजूर घेतले. गुरुवारी मुंबईला उतरतेय. मोठी गाडी कशाला आणतोस? माझी एकच बॅग आहे.

हे कागदावर लिहून फोटो पाठवतेय, कारण फोनवर तू मला मधेच तोडतोस. आता गप वाच.

तुझा रोजचा एकच धोशा, "वरच्या कोर्टात गेलीस का?" तुला वाटतं इथे एकच काजी बसतो आणि त्याच्या मनाला येईल ते सांगतो. तसं काही नाही रे. धंद्याच्या भांडणांचं कोर्ट वेगळं, कामगारांचं वेगळं, नवरा-बायको-पोरांचं वेगळं. तिथला निकाल पटला नाही तर अपील कोर्ट आहे. त्यावर सगळ्यात मोठं कोर्ट. ते मात्र तुमची कहाणी पुन्हा ऐकत बसत नाही, खालच्यांनी कायदा नीट लावला का, एवढंच बघतं. हे सगळं मला उसामा वकिलांनी सांगितलं. अगदी शांतपणे, चहा पाजून. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय.

घोळ असा, की काजीपुढे जायच्या आधी इथे समेटाला बसवतात. मोबाईलवरच. त्या दिवशी पडद्यावर समेट करवणारी एक बाई होती, एक दुभाष्या, उमैर आणि मी. तलाक झालाच होता, प्रश्न फक्त अरवा कुणाकडे राहणार याचा. बाईने मसुदा वाचला, दुभाष्याने हिंदीत सांगितला. अरवा बापाकडे राहील. मी तुला फोन लावला. तू काय म्हणालास आठवतंय? "आत्ता हो म्हण गं, वाद वाढवू नको. मग आपण जमातीला घेऊन बसू."

आणि मी म्हटलं हो! आपल्याकडे असंच तर चालतं. वडीलधाऱ्यांचा मान राखायला हो म्हणायचं, बाहेर येऊन चहा प्यायचा आणि जुम्म्यानंतर परत बसायचं. बांधाच्या भांडणात अब्बा किती वेळा हो म्हणाले आणि किती वेळा फिरले! कुणी त्यांना खोटं म्हटलं नाही. मंजुरीसाठी मोबाईलवर कोड आला, मी टाकला. खलास.

वकील म्हणाले, "मॅडम, काजीने निकाल दिलाच नाही, तर अपील कशावर करणार? हे तुम्हीच कबूल केलंय. आता ते हुकमासारखंच लागू होतं." नव्याने दावा लावायचा तर परिस्थिती बदललेली दाखवावी लागेल, आणि त्यासाठी इथे राहावं लागेल. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, उमैरच्या नावावर होता. तो संपतोय. कुठे राहू मी, रस्त्यावर?

उमैर वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. पोरीला जपेल. त्याचाच मला जास्त राग येतो, कारण त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तेव्हा रत्नागिरीच्या शाळेत तिची जागा धरून ठेवली असशील तर सोडून दे. मी एकटी येतेय.

अरवाला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी नानीचे गुडघे बघायला चाललेय. काल माझ्या बॅगेवर बसून म्हणाली, "मम्मी, कम बॅक बिफोर माय बर्थडे, ओके?" मी तिच्या वेण्या घालत राहिले. दोनदा सोडल्या, दोनदा घातल्या.

समेटात मला दर शुक्रवारी तिच्याशी व्हिडिओवर बोलायची मुभा आहे. तेवढा वेळ मी बसेन त्या खोलीत तू येऊ नकोस, भाई. चूक तुझी एकट्याची नाही, हो माझ्याच तोंडून गेलं. पण तिच्यासमोर मला हसायचं असेल, आणि तू समोर असलास तर ते मला जमणार नाही.

तुझी बहीणच,
हाजरा