गोल टपाची गाडी

दादा,

मी बाईंकडे चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, पण उठलास की आधी गॅरेजमध्ये जा आणि त्यांच्या गाडीवरची आपली करणी बघ.

उन्हासाठी काचेवर बाहेरून बसवायचं ते व्हायझर सपाट टपाच्या गाडीचं होतं. बाईंच्या जुन्या गाडीचा टप गोल. मी कागद लावून माप घेतलं होतं, नवा पत्रा वाकवायला दोनच दिवस मागितले होते. तुला तेवढाही दम धरवला नाही. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालायची म्हणून टपाला चार भोकं पाडलीस, हातोडीने ठोकलंस आणि पोचे पुट्टीने लिंपलेस. सकाळी गाडी पुसताना ती ओली पुट्टी माझ्या बोटांना लागली. शिसारी आली.

वर दुपारी त्यांना फोनवर म्हणालास, "बाई, तुमचा पत्राच कुजका निघाला." आणि त्या बिचाऱ्या तुझीच माफी मागत होत्या! नवऱ्याच्या माघारी त्यांनी त्या गाडीवर साधा ओरखडा पडू दिला नाही. लाज कोळून प्यायलास का रे?

मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे. टप मीच दुरुस्त करीन; तू गाडीला हात लावू नकोस. वहिनीने विचारलं तर तिच्याशी तरी खोटं बोलू नकोस.

तू फोनवर बोलत होतास तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. तुझ्यापेक्षा मला त्याचीच जास्त किळस येतेय, म्हणून चाललेय.

धाकटी