तिसऱ्या माळेची थरथर

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र.

विषय : वडिलांना दर नवरात्रात सुटणाऱ्या थरथरीवर आजच इलाज होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे 'हिवतापाचा संशय' असे मागील दोन अर्ज, आपला शेरा, 'रक्तात जंतू नाहीत.'

महोदय,

अर्जदार गोरक्षनाथ सहादेव म्हसे, राहणार डोंगरखळी, ता. राहुरी, सविनय सादर करतो की,

१) अर्जदाराच्या घरात सकाळचे ऊन दाराच्या फटीतून येते. घटकाभर उंबऱ्यावर थांबते, हिवताप खात्याने भिंतीवर लिहिलेल्या तारखांवरून सावकाश उतरते आणि वडिलांच्या हातातील पितळी पेल्यात पडते. पेल्यातून आढ्यावर उडालेला कवडसा तिसऱ्या माळेपासून क्षणभरही ठरत नाही.

२) घट बसले की वडील सर्व पथ्य पाळतात. तिसऱ्या माळेस त्यांना घाम व कंप सुटतो. गाव यास देवी आली असे समजते. पाटावर बसवून ओटी भरतात; सरपंच नातवाच्या नोकरीचा कौल मागतात. वडील अंगावरच्या, इतर कोणासही न दिसणाऱ्या मुंग्या झटकतात आणि बायका त्या प्रसाद म्हणून पदरात झेलतात.

३) काल चौथ्या माळेस देवी पाटावरून कोसळली. हातपाय आखडले, दातखीळ बसली. आजी दगडाबाई म्हणाली, "औंदा लई कडक आलीया, नारळ वाढवा." तीन नारळ वाढवले. फरक पडला नाही. आई मनकर्णा एवढेच म्हणाली, "देवी हाय, तर मला वळखंना का?"

४) आपले कंपाउंडर पुंजाराम यांना अर्जदाराने काल सायंकाळीच हकीकत सांगितली. ते म्हणाले, "दारू एकदम तोडली का रं त्यांनी? मंग असंच हुतं. दुसरी फिट आली तर मानूस हाती लागायचा न्हाई. आत्ताच्या आत्ता आन." अर्जदार "न्हाई, दारू न्हाई" म्हणाला आणि सायकल घेऊन परतला.

५) पाटावरची देवी दसऱ्याआधी हलवू नये, असे गावाने ठरविले आहे. दसरा पाच दिवसांवर आहे. वडील तितके थांबतील असे वाटत नाही. करिता लेखी हुकूम व गाडी पाठवावी. गोल शिक्क्यास गाव देवीखालोखाल मानते.

आपला नम्र व उशिरा बोलणारा,
गो. स. म्हसे
दि. २४ सप्टेंबर १९७१

सोबत :
१) मागील अर्जांच्या नकला, दोन.
२) मोकळी बाटली, एक. कणगीमागे सापडली, बाकीच्या तेथेच आहेत. वडील दारू पितात.