मामाची राखण

नंदुरबार, ता. १२ ऑक्टोबर १९३५

ती. सौ. जसोदाताईस गिरधरचा सा. न. वि. वि.

दिवाळीसाठी तुझ्या धनुला रनाळ्यास पाठवत आहे. माझ्याकडे राहून ती चांगली गुटगुटीत झाली आहे. अभ्यासाचे आमच्या दाजींनी, लोटनरावांनी विचारले, म्हणून खरे ते लिहितो. माझ्याच वर्गात पाढा सुरू झाला की ती थोडा वेळ माझ्याकडे बघते, मग भिंतीवरच्या पालीकडे, मग खिडकीबाहेरच्या बकरीकडे. लक्ष टिकत नाही. आठ वर्षांच्या पोरीकडून मोठ्या माणसाची एकाग्रता मागावी का, हे रोजनिशीची दोन पाने भरूनही मला ठरवता आले नाही.

लोभ आहेच, तो दिवाळीच्या फराळासारखा वाढत राहावा.

तुझा गिरधर

रनाळे, ता. ७ नोव्हेंबर १९३५

चि. गिरधरला ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं खरं तुझ्याजवळच ठेवायचं होतंस! पत्र वाचून हे म्हणाले, लक्षच नाही तर शाळा कशाला? जोंधळा पिकलाय, धनु राखणीला बसेल. पोरगी पाटी उराशी धरून रडतेय. मी भांडले, तेव्हा म्हणाले, मामालाच बोलव. दोघं एक सकाळ शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसू देत, अर्धं शेत त्याचं, अर्धं तिचं. तिनं मामाच्या बरोबरीनं पाखरं हाकली तर शाळा. मी तुझ्या वतीनं हो म्हणून बसलेय. तू बी. ए. असशील, पण गोफण कधी हातात धरलीस का रे?

मेथीचे लाडू लपवून ठेवलेत. लवकर आलास तर उरतील. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

नंदुरबार, ता. १८ नोव्हेंबर १९३५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

खांदा अजून दुखतो आणि हसू थांबत नाही. गोफणीचा दगड मागे जाऊन लोटनरावांचे पाण्याचे मडके फोडतो, हे कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. मी माझ्या एका कोपऱ्यावर पापणी न हलवता नजर खिळवली होती. मग लक्ष म्हणजे नेमके काय, याच विचारात पडलो. मामा, तुन्या मागच्या कोपऱ्यात पोपट कणसं खाई ऱ्हायनात, असे धनु ओरडत होती, ते मला ऐकूच आले नाही! तिची नजर मात्र कणसांवर, बांधावर, आभाळात, माझ्या टोपीवर आणि पुन्हा कणसांवर; तिच्या अर्ध्यात एक पाखरू टिकले नाही. वर्गातही ती अशीच हिंडून पाढ्यावर परत येत असेल काय? परत येईपर्यंत मी थांबलोच नाही, दर वेळी मध्येच हटकले.

आणि आता लोटनराव म्हणतात, असा राखणदार शाळेत कशाला दवडायचा! हा न्याय नव्हे. त्यांना सांग, धनुला पाठवा, मी रजा काढून तिच्या जागी राखणीला येतो. हे मी मनापासून लिहितो आहे. येताना गोफण घेऊन आलो, ती रोज सकाळी अंगणात फिरवतो. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत.

फुटक्या मडक्यासकट लोभ असावा.

गिरधर

रनाळे, ता. २१ नोव्हेंबर १९३५

चि. गिरधरला आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी रजेपाशी आले तेव्हा भाकरीचा घास हातातच राहिला. म्हणाले, तो आला तर जोंधळाही नाही उरायचा आणि मडकीही नाहीत. तसेच उठले नि छकड्याला बैल जुंपले. धनु पाटी घेऊन कधीची चढून बसलीय. हे पत्र तिच्याच हाती देतेय.

पोचली की वाटेत काय काय पाहिलं ते आधी विचार. सगळं ऐकून घे. पाढे नंतर.

रजा काढू नकोस. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी ताई

ता. क. गोफण ह्यांच्याजवळ परत दे. फक्त तेवढ्यासाठीच नंदुरबारला जातोय, असं हे सगळ्या गल्लीला सांगताहेत.